सामायिक रान

यंदा परसातून काजूच्या मोहोराचा वास आत आला आणि मी उठून खिडकी लावून घेतली. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. वीसेक वर्षं ती पाहते आहे की हा वास आला की मी चुळबुळायला लागतो, माळ्यावरची सॅक काढून झटकतो, सायकलच्या साखळीला तेल घालतो. मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. मुलांच्या प्रात्यक्षिक परीक्षा संपल्या, शेवटची ब्युरेट धुऊन उलटी टांगली, की मी आठ दिवसांची रजा टाकायचो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना सायकलवर टांग मारायचो. यंदा रजा टाकलेली नाही. सायकल जिन्याखाली आहे, दोन्ही चाकं बसली आहेत. आखातातून परतल्यापासून सायकलचं दुकान चालवणारे इब्राहिमभाई परवा मासळीबाजारात भेटले. दर वर्षी सायकल त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचो. यंदा आणली नाहीत ती, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गुडघा दुखतो. माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

मला किळस लवकर येते, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी आई बोंबील धुतलेलं पाणी परसात ओतायची तेव्हा मी नाक धरून शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसायचो. एसटीच्या काचेवर कुणाच्या डोक्याचा तेलकट डाग दिसला की तो अख्खा प्रवास मी उभ्याने करतो. बोट थुंकीने ओलं करून पानं उलटणाऱ्या माणसाने दिलेला कागद मी दोन बोटांत धरतो. आणि तरी प्रयोगशाळेत सडक्या अंड्याचा वास सुटतो, मुलं खोकत बाहेर पळतात, तेव्हा मला काही होत नाही. त्या वायूचा तो स्वभावच आहे. माणसाने करून ठेवलेली घाण मात्र सोसत नाही, आणि माणूस ती जिथे तिथे करून ठेवतो. तेव्हा वर्षातले आठ दिवस माणसं कमी असलेल्या जागी काढायचे, एवढा साधा हिशोब होता.

एकटाच का फिरतोस, हे मला वाटेतला प्रत्येक जण विचारी. बायकोने याचं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं दिलं होतं. ती म्हणायची, यांच्याबरोबर कोण जाईल, अर्ध्या वाटेत नाक मुरडून परत पाठवतील. एका गावात पारावरच्या म्हाताऱ्याने तर घरच्यांनी हाकलल्यासारखं दिसतंय म्हणून मला बसवून घेतलं आणि तांब्याभर ताक पाजलं. तांब्या बाहेरून धुरकट होता. मी डोळे मिटून प्यायलो, आणि इतकं चांगलं ताक मी नंतर कधी प्यायलेलो नाही. सायकल साधी, मागे कॅरिअरला बांधलेली चटई, पाठीवर सॅक, सॅकमध्ये दोन कपडे, पंपाची नळी, चण्याफुटाण्याची पुडी. मुक्काम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या ओसरीवर. अलीकडे घोटीव टोप्या आणि अंगाला चिकटलेले रंगीत कपडे घातलेले पुण्या-मुंबईचे सायकलवाले दिसतात. ते थांबले की आधी स्वतःचा फोटो काढतात, मग झाडाचा, आणि सोनेरी कागदात गुंडाळलेलं काहीतरी खाऊन तो कागद करवंदीच्या जाळीत टाकतात. मी तो उचलून सॅकेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचो आणि पुढचा तासभर मनातल्या मनात त्यांना झाडत चढ चढायचो. चढ त्यामुळे सोपा जायचा.

महामार्गाला मी होता होईतो शिवत नसे. धूळ, डबर, कधीच न संपणारं काम, आणि ढाब्यांच्या मागे उतारावर लोटलेला कचरा. आतल्या वाटेने सडा चढायचा. सडा म्हणजे आमचं कातळाचं पठार. फाल्गुनात तो तव्यासारखा तापतो आणि जळून गेलेल्या गवताची काळी राख चाकाला लागते. सडा संपला की वाट एकदम खाली झाडीत शिरते आणि अंगावरचा घाम गार होतो. पहिला मुक्काम संगमेश्वराच्या आसपास. दुसऱ्या दिवशी दुपारी, सावर्ड्याचा बाजार उजव्या हाताला... नाही, डाव्या हाताला ठेवून, डोंगराच्या पोटात शिरणारी लाल मातीची वाट धरायची. ती वाट आमच्या मूळ गावी जाते, आणि गावाच्या वर डोंगरापर्यंत ते रान होतं.

त्या रानाचं वर्णन करायला मी अजून कचरतो. आईनाची भेगाळलेली खोडं, किंजळीचे सरळसोट बुंधे, मधूनमधून खैर. फाल्गुनात पानगळ इतकी की सायकल ढकलत नेताना पायाखालच्या आवाजाने आपलीच आपल्याला लाज वाटावी. अंजनीच्या काटक्यांना जांभळी फुलं चिकटलेली असायची आणि उक्षीचे फिकट हिरवे घोस वाटेवर खाली आलेले असायचे, हँडलला लागायचे. मधोमध एक पऱ्या होता. पऱ्या म्हणजे ओढा, पण ओढ्यापेक्षा लहान आणि लाजरा. होळीनंतरही त्यात घोटाभर पाणी असे. तिथे सायकल आडवी टाकून मी पालथा पडायचो आणि जनावरासारखं तोंड लावून पाणी प्यायचो. मी, जो हॉटेलातला पेला रुमालाने पुसतो. जगात तेवढं एकच पाणी होतं ज्याची मला किळस आली नाही.

रान आमचं होतं असं म्हणणं जरा धाडसाचं आहे. आमच्या जिल्ह्यात बरंचसं रान सरकारी नाही, लोकांच्या मालकीचं आहे, आणि मालकीचं म्हणजे सामायिक. आमच्या सातबारावर अडतीस नावं आहेत. त्यातली काही माणसं मुंबईत, काही सुरतेला, काही केव्हाच वर गेलेली. अशा रानातलं झाड तोडायचं तर सगळ्यांची संमती लागते. एकाची सही कमी पडली तरी परवाना मिळत नाही, आणि म्हणूनच ते रान इतकी वर्षं उभं होतं. आमच्या भावकीत झाडांवर जीव असलेलं फारसं कुणी नव्हतं. होती ती एक सुलूवहिनी. माझ्या वारलेल्या चुलतभावाची बायको, मूलबाळ नाही, गावात एकटी राहते, दोन म्हशी आणि थोडी भातशेती. लाकडाचा व्यापारी कागद घेऊन आला की ती नाही म्हणायची. तिचं कारण अगदी साधं होतं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब करावा लागतो. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून ते जाळायचं. त्यासाठीच्या फांद्यांना आमच्याकडे कवळ म्हणतात, आणि वहिनी दर थंडीत रानातल्या आईनावर चढून ती कोयतीने तोडून आणायची. झाड गेलं तर कवळ कुठून आणू, एवढंच ती विचारी. व्यापारी कागद गुंडाळून परत जायचा.

त्यामुळे भावकीने एक सोय लावून घेतली होती. व्यापारी आला की सगळे सही करून टाकायचे. नाही म्हणून वाईट कशाला व्हायचं? वहिनी आहे ना, ती कुठे देते सही. सगळ्यांचं औदार्य तिच्या एकटीच्या हट्टावर उभं होतं. वर पुन्हा मुंबईकर मंडळी तिला नावं ठेवायची, की बाई आडमुठी आहे, तिच्यामुळे काही होत नाही. मीही हसून मान हलवायचो.

गेल्याच्या आदल्या गणपतीत तो कागद पुन्हा आला. व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, कोकणात अडतीस सह्या एका जागी मिळायच्या तर गणपतीतच. माझा धाकटा चुलतभाऊ बाळा लोट्याला एका कारखान्यात पाळीवर असतो. तो कंपनीच्या बसमधून उतरून थेट आरतीला आला, शर्टाला तिथला उग्र वास, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद. आरती झाली, प्रसाद वाटला, आणि प्रसादामागून तो कागद पडवीतून फिरायला लागला. माझ्यापुढे आला तेव्हा माझ्या बोटांना मोदकाचं तूप होतं. कागदाला आधीच कुणाकुणाचे तेलकट ठसे लागले होते. मला त्याची इतकी किळस आली की कधी एकदा तो हातावेगळा करतो असं झालं. मी न वाचता सही केली, बोटं धोतराच्या टोकाला पुसली आणि कागद पुढे सरकवला. सातवी सही माझी. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. बाळाने तिच्याकडे पाहिलं, तिने नाही म्हणून मान हलवली, आणि सगळे हसले. मीही.

मग गेल्या फाल्गुनात मी नेहमीप्रमाणे निघालो. सगळं नेहमीचंच होतं. सड्यावर राख होती, संगमेश्वराला देवळात झोप चांगली लागली, सकाळी कुणी तरी पेज आणून दिली. दुसऱ्या दिवशी लाल वाटेला लागलो तर वाट दुप्पट रुंद झालेली, दोन्ही कडांना ट्रकच्या चाकांचे खोल चर. मला वाटलं रस्त्याचं काम निघालं असेल. पहिल्या वळणाला ऊन अंगावर आलं. त्या वळणाला कधी ऊन नसायचं. मी सायकलवरून उतरलो, आणि समोर डोंगरापर्यंत काही नव्हतं.

काही नव्हतं हेही खरं नाही. बुंधे होते, गुडघ्याएवढे, ताजे, आईनाचे पांढरट आणि खैराचे आतून मांसासारखे लाल. यंत्राच्या करवतीचा भुसा पिठासारखा सगळीकडे पडलेला, त्याच्यावर सांडलेलं काळं तेल. सालीचे ढीग. दारूच्या चपट्या बाटल्या, गुटख्याच्या माळाच्या माळा, रस्सा वाळून चिकटलेली ताटल्यांची चवड, आणि तिच्यावर एवढ्या माशा की चवड हलते आहे असं वाटावं. कोंबड्यांची पिसं. पऱ्याकडे जायला नको होतं, तरी गेलो. पऱ्यात ट्रक धुतले असावेत. उरलेल्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग होता, त्यात एक फाटका बनियन, आणि काठावर, जिथे मी पालथा पडायचो तिथेच, माणसांनी प्रातर्विधी उरकलेले. मी सायकल धरून उभा राहिलो आणि ओकलो. सकाळची पेज सगळी बाहेर आली. ओकून झाल्यावर ध्यानात आलं की आता त्या घाणीत माझीही भर पडली.

वरच्या अंगाला झोपड्या होत्या आणि घाटावरून आलेली तोडणारी माणसं जेवायला बसली होती. मुकादमाने मला लांबूनच बघितलं, उठून हात धुतले, पाणी हवं का विचारलं. माणूस वाईट नव्हता. त्याने कळशीतलं पाणी पेल्यात ओतून दिलं आणि मी तो पेला तोंडाला न लावता हातात धरून त्याच्यावर ओरडत सुटलो. कुणाला विचारून तोडलंत, कुणाचं आहे हे, परवाना कुठे आहे. त्याने हात पुसले. मग झोपडीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स आणली आणि माझ्यापुढे धरली. सगळं रीतसर होतं, शिक्के, तारखा, अडतीस नावांच्या सह्या, मेलेल्यांच्या वारसांच्यासुद्धा. सातव्या जागी माझी सही, मोठी, वळणदार, शेवटी एक रेघ मारलेली. तिच्याशेजारी झेरॉक्समध्येही उठलेला एक बोटाचा डाग. आणि सगळ्यात खाली एक अंगठा, त्याखाली सुलूवहिनीचं नाव.

"ह्यात तुमचं नाव कंचं, सायेब?" मुकादमाने विचारलं.

मी म्हटलं, माझं नाही. मी फिरायला आलोय.

तो बरं म्हणाला आणि जेवायला बसला. जेवायला या असंही म्हणाला. मी पेला तसाच दगडावर ठेवला आणि सायकल वळवली. माणसांची किळस मला आयुष्यभर येत आली होती, तिची सवय होती, तिच्यात एक प्रकारची ऐटही होती. पण स्वतःच्या तोंडाची, स्वतःच्या जिभेची किळस मला त्या दिवशी पहिल्यांदा आली. ती धुता येत नाही. नंतर गावाच्या विहिरीवर तीनदा चूळ भरली, काही उपयोग झाला नाही.

उतार उतरताना मात्र मला एक आधार सापडला. अंगठा. माझी सही गणपतीतली, तिच्या जिवावर काही झालं नसतं. अंगठा मागाहून, मार्गशीर्षातला. वहिनीने दिला नसता तर रान उभं असतं. सगळ्या भावकीचा तिच्यावर भरवसा होता आणि तिने ऐन वेळी हात टेकले. चाकं जसजशी वेग घेत होती तसतसा मी तापत होतो. काय दाखवलं असेल तिला बाळाने, कशाला भुलली असेल, म्हातारपणी माणसाला कशाकशाची हाव सुटते. हे सगळं मी त्या बाईबद्दल मनात आणलं, जिच्या घरी दर वर्षी जाऊन मी नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी ओरपायचो. माझा वाटा बाळाने पौषातच घरी आणून दिला होता. तो कशाचा, हे मी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, जमिनीचं काहीतरी, आणि मी हो म्हणून बायकोकडे दिला. हेही मला त्याच उतारावर आठवलं. मी ब्रेक दाबले नाहीत.

आज एक वर्ष झालं. यंदाही लोक आपापले राब भाजत असतील. संध्याकाळी वारा पूर्वेचा असला तर त्या धुराचा वास शहरापर्यंत येतो, निदान मला येतो. भावकीच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी उजाड डोंगराचा फोटो टाकला होता, खाली रडणारे चेहरे आणि निसर्ग वाचवा. सह्या करणाऱ्यांपैकी बाराजणांनी हात जोडले. मी मोजले नसते तर बरं झालं असतं. मी स्वतः काही टाकलं नाही, एवढंच काय ते माझं मोठेपण.

तर त्या दिवशी मी उतार उतरून गावात आलो तेव्हा वहिनी शेतात होती. उन्हं कलली होती. रोपाच्या जागेवर ती पाचोळा पसरत होती, आणि पाचोळा अगदीच थोडा होता. गेल्या सालचा पेंढा, केळीची वाळलेली पानं, कुठलं तरी मोडकं खोपटं उपटून आणलेलं गवत, असं जमेल ते तिने गोळा केलं होतं. कवळ एक काडीही नव्हतं. हे मी पाहिलं, आणि तरीही थांबलो नाही. सायकल बांधाला टेकवली आणि तिची विचारपूस न करता म्हटलं, "वहिनी, तुम्ही अंगठा का दिलात?" आवाज चढलेला होता. शेजारच्या शेतातल्या बायकांनी माना वर केल्या.

तिने हाताचं शेण पाटीच्या कडेला निपटलं.

"दोनदा माघारी धाडला त्याला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा आला तवा मी इचारलं, रत्नांग्रीच्या भावोजींची सही हाय का? त्यानं बोट ठेवून दाखवली. मंग म्हटलं, येवढ्या नावांत त्या रानात पाय ठेवणारा यकच मानूस हाय. वरसाला येतो, झाड न् झाड बगून जातो. त्यानं सही केली ती बगूनच केली असंल. मंग मी आडवी येनारी कोन?"

सॅकेचा पट्टा खांद्यात रुतत होता, तो नीट करत राहिलो. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी तो अंगावर घेतला असता. ती खालच्या मानेने राबाकडे बघत होती, आणि तिला काहीतरी विचारायचं होतं, जे विचारायला गेले दोन महिने गावात माणूस नव्हता. आपल्या अंगठ्याने सगळं गेलं, ही गोष्ट ती एकटीच उरावर घेऊन बसली होती.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "मोठीच झाडं नेनार असं बाळा बोलला व्हता. कागदात काय व्हतं, मला कुटं वाचता येतं. तुमी वाचला व्हतात ना?"

मी म्हणालो, "हो. वाचला होता."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली, आणि सुटल्यासारखी खाली वाकून पाचोळा पसरायला लागली.